एकटीची शर्यत

तात्याना मॅकफॅडन १९८९ साली लेनिनग्राडला जन्मली. पाठीच्या कण्यात जन्मजात दोष, पायांत बळ नाही. अनाथाश्रमात ती हातांवर चालायची. पुढे एका अमेरिकन बाईंनी तिला दत्तक घेतलं. २००४ साली, पंधरा वर्षांची असताना, अथेन्सच्या पॅरालिम्पिकमध्ये तिनं दोन पदकं जिंकली.

पण मेरीलँडमधल्या हायस्कुलात तिला इतर मुलींबरोबर शर्यतीत घेईनात. व्हीलचेअरचा म्हणे धोका! मग मैदान मोकळं झालं की हिनं एकटीनं फेऱ्या मारायच्या.

२००६ साली माय-लेकी कोर्टात गेल्या. मला विशेष वाटतं ते त्यांच्या मागणीचं. नुकसानभरपाई नको, पैसा नको. फक्त सगळ्यांबरोबर धावू द्या. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या आधारे कोर्टानं ते मान्य केलं. २००८ साली मेरीलँडनं दिव्यांग मुलांच्या शालेय खेळांसाठी कायदाच केला.

आपल्या २०१६ च्या कायद्यातही शाळांनी खेळाची संधी इतरांच्या बरोबरीनं द्यावी असं आहे. तरी गॅदरिंग आलं की मायेनंच म्हटलं जातं, ‘अगं, तिला कशाला दमवता? बसू दे पुढच्या खुर्चीत.’

मैत्रिणींनो, आधी तिला विचारा तरी!