गप्प राहणाऱ्याची हजेरी



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकाच्या जोडणीचा इतिहास सांगावा, याचे कोणाला नवल वाटेल. कारण सांगतो. एका कंत्राटी कामगाराची तक्रार आमच्याकडे आली. रात्रपाळीला तो घरून दूरच्या यंत्राशी एसएसएचने जोडणी करून पहारा ठेवी. काही बिघडले नाही, तर त्याला टंकायचे काही नसे. अशा वेळी जोडणी तुटे, आणि मालक तेवढा वेळ गैरहजेरी मांडी. तेव्हा मला हा विषय शिकावा लागला.

१९८१ साली टीसीपीचे जे नियम छापले गेले, त्यांत गप्प राहणे हा गुन्हा नव्हता. जोडणीची नोंद दोन टोकांच्या यंत्रांतच असे. मधल्या वाटेला तिचा पत्ताही नसे. अवाक्षर न बोलता ती दिवसेंदिवस जिवंत राही. पुढे 'आहेस ना?' असे विचारण्याची युक्ती निघाली. आधीच पोचलेल्या क्रमांकाचा निरोप पुन्हा पाठवावयाचा, म्हणजे पलीकडच्याला उत्तर देणे भाग पडते. पण १९८९च्या आरएफसी ११२२ने तिला लगाम घातला. ही सोय मुळात बंद असावी, आणि चालू केलीच तर विचारण्यातले ठरीव अंतर दोन तासांहून कमी नसावे. क्षणभर वाट खंडली असता विचारपूस करणाराच धडधाकट जोडणी मोडून बसेल, ही भीती. शिवाय निरोपागणिक पैसे मोजावे लागणाऱ्या वाटाही होत्या. मला हा विचार फार सभ्य वाटतो.

१९९४ साली नॅटची पद्धत पुढे आली आणि मध्ये एक कारकून येऊन बसला. अनेक यंत्रांना एकाच पत्त्यामागे ठेवायचे, तर प्रत्येक जोडणीची नोंद त्याच्या वहीत हवी. वहीची पाने मोजकी. म्हणून जो गप्प, त्याचे नाव खोडायचे. बरे, खोडल्याची वर्दी बहुधा कोणत्याच टोकाला नाही! २००८च्या आरएफसी ५३८२ने नोंद किमान २ तास ४ मिनिटे ठेवा असे बजावले. पुष्कळ यंत्रे त्याआधीच हात झटकतात.

एसएसएच ही गुप्त लिपीतली जोडणी फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी १९९५ साली रचली. तिच्या ओपनएसएसएच या अवतारात 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल' नावाची ओळ आहे. तिच्यापुढे ६० लिहिले, की पलीकडून मिनिटभर काही न आल्यास आपले यंत्र गुप्त लिपीतच खुशाली विचारते, आणि कारकुनाच्या वहीतले नाव ताजे राहते. मुळात तिथे शून्य असते.

ती ओळ आम्ही लिहविली. जोडणी टिकू लागली. कापलेल्या वेळेचा पगार मात्र मालकाने अजून दिलेला नाही. नाव कोणी खोडले ते त्याला कागदावर आकृती काढून दाखविले. तो म्हणतो, वहीत नाव नाही ना?