नामदेवांचा बॅकअप नांदेडला

मागच्या महिन्यात हिंगोलीतल्या एका वाचनालयाचा कॉम्प्युटर बसला. बॅकअप होता, म्हणून मी निवांत. रिस्टोर केलं, हिरवी टिक आली, उघडून बघतो तर सगळ्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं! बॅकअप घेतानाच एन्कोडिंग चुकलेलं. अक्षरं तेव्हाच गेली होती, आता काहीही करून येणार नव्हती. दुसरी, जुनी फाईल जोडायला गेलो तर डुप्लिकेट एंट्रीची एरर. एकाच नंबरावर दोन माणसं.

त्या रात्री डोक्यात आले आपल्या नरसीचे नामदेव.

कयाधूकाठची नरसी हे त्यांचं जन्मगाव मानतात. काळ 1270 ते 1350. त्यांच्या हातचं एकही पान आज आपल्याकडे नाही. अभंग राहिले ते कीर्तनकारांच्या तोंडी आणि वारकऱ्यांच्या वह्यांत. म्हणजे शेकडो कॉप्या, आणि प्रत्येक थोडी वेगळी. पुढे गाथा छापायची वेळ आली तेव्हा हेच सगळं रिस्टोर करायचं होतं.

आणि तिथेही डुप्लिकेट एंट्री! अभंग कुणाचा हे ओळखायचं शेवटच्या नाममुद्रेवरून. पण सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा दुसरा कवी होऊन गेला, त्याने मराठीत महाभारत लिहिलं. दोघेही ‘नामा’! त्याच्या कितीतरी रचना नामदेवांच्या नावावर गेल्या. जनाबाईंचे अभंग तर नामदेवांच्या गाथेतच छापले जायचे, पण त्यांची मुद्रा वेगळी, त्यामुळे तिथे गोंधळ कमी. की युनिक पाहिजे म्हणतात ते हेच बघा.

आता खरी गंमत. नामदेव उत्तरेत फिरले, पंजाबात घुमानला राहिले असं मानतात. (2015 चं साहित्य संमेलन घुमानला का झालं, ते आता कळलं ना?) 1604 मध्ये गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, भाई गुरदासांनी तो लिहून काढला. त्यात नामदेवांची 61 पदं आहेत. लिपी गुरुमुखी, पण भाषेत मधेच मराठी वळण डोकावतं. शिवाय कडव्यांच्या शेवटी आकडे घातलेत, पदांची बेरीज मांडलीय. मधे कुणी एक पद घुसवलं तर हिशोब चुकणार. चेकसम हो, सरळ सरळ!

पुढे 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरू मानायला सांगितलं. कुठे? नांदेडला, आपल्या शेजारच्या जिल्ह्यात. नरसीचा माणूस पंजाबातून फिरून परत इथंच आला.

पण एक अडचण राहतेच. ती पदं हिंदी वळणाची आहेत. इथले मराठी अभंग त्यात नाहीत, त्यामुळे गाथेतला घोळ त्यावरून सुटत नाही. जे गेलं तेच बॅकअपमध्ये नव्हतं, असं आपलंही होतंच की.

वाचनालयाचं काय झालं? कपाटातून हाताने लिहिलेली रजिस्टरं निघाली. दोघी ताई रोज संध्याकाळी बसून नावं परत टाइप करताहेत. परवापर्यंत ‘म’ आला होता.