पळस्प्याचा दरोडा आणि गावाची राखण

श्रोतेहो, मुंबईत जागा पुरत नाही म्हणून पनवेलच्या बाजूला बिऱ्हाड हलवू पाहणारा गृहस्थ दोन प्रश्न हटकून विचारतो. पाणी किती वेळ येते, हा एक. आणि रात्री-अपरात्री घरची माणसे सुखरूप परततील ना, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नळ देतो. दुसऱ्याचे उत्तर पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत मिळेल अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी, हे पाहण्यासाठी आम्ही आज आपणांस पळस्पे गावी, १८७९ सालच्या मे महिन्यात नेणार आहोत.

पळस्पे म्हटले की आज डोळ्यांपुढे येतो तो फाटा. मुंबईहून आलेला रस्ता येथे दुभंगतो. एक वाट पुण्याकडे, दुसरी गोव्याकडे जाते. पनवेलची खाडी आणि बोरघाट यांना जोडणारी वाट मात्र फार जुनी. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून पनवेल बंदरी उतरे आणि गलबतांनी मुंबईस जाई. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा ही वर्दळ आणखी वाढली. १८५२ साली पनवेलला नगरपालिका झाली, ती या भरभराटीच्या काळात. पुढे १८६३ मध्ये घाटातून आगगाडी धावू लागली, पण ती कर्जत-कल्याणवरून. पनवेलची वाट बाजूला पडली. वर्दळ ओसरली, तरी साठलेला पैसा सधन घरांतून राहिलाच होता.

अशा या गावावर मे महिन्याच्या १०-११ तारखेच्या सुमारास दरोडा पडला. घाट उतरून आलेली टोळी पळस्पे आणि चिखली या दोन गावांत शिरली आणि लूट घेऊन परत फिरली. लुटीचा आकडा दीड लाखाच्या आसपास सांगितला जातो. त्या काळचा दीड लाख म्हणजे काय, हे सांगावयास नको. टोळीचा म्होरक्या होता दौलतराव नाईक. घाटमाथ्याकडे परतत असता मेजर डॅनियलच्या तुकडीने त्याला गाठले आणि गोळी घालून ठार केले. सरकारदप्तरी हा एक मोठा दरोडा म्हणून नोंदला गेला. पण हाच प्रसंग इतिहासाच्या पुस्तकात निराळ्या प्रकरणात सापडतो. कारण दौलतराव हा वासुदेव बळवंत फडक्यांचा सहकारी होता.

येथे योगायोग असा, की पळस्प्याहून गोव्याच्या वाटेला लागले की थोड्याच अंतरावर शिरढोण लागते. आणि १८४५ साली वासुदेव बळवंतांचा जन्म झाला तो याच शिरढोणला. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात नोकरी करणारा हा गृहस्थ १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने हादरला. सरकार उलथण्यासाठी माणसे हवीत, माणसांसाठी पैसा हवा आणि पैशासाठी सधनांची घरे फोडावयाची, असा त्यांचा हिशेब होता. पळस्प्यास ते स्वतः नव्हते; तथापि ज्यांच्या घरांवर टोळी गेली, ती घरे त्यांच्या जन्मगावच्या शेजारची होती.

आता प्रश्न असा, की ही माणसे त्यांना मिळाली कोठून? त्यांत मोठा भरणा रामोशांचा होता. आणि रामोशी म्हणजे मुळात राखणदार! देशावर गावाची आणि किल्ल्यांच्या घेऱ्याची राखण हे त्यांचे काम. चोरी झाली तर माग काढीत तो पुढच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन द्यावयाचा. माग आपल्याच हद्दीत विरला तर नुकसान भरून देण्याची जोखीम राखणदारावर येई. त्याबदली त्याला गावाकडून धान्य आणि जमीन मिळे. ही व्यवस्था निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. राखणदारच कधी चोराशी संधान बांधी. पण त्याचे पोट गावाच्या सुरक्षिततेत गुंतलेले होते, हे तिचे मर्म होय.

१८१८ नंतर किल्ले ओस पडले आणि हे नाते तुटले. उमाजी नाईकांचे बंड त्यातूनच उठले. १८३२ साली त्यांना पुण्यात फाशी झाली. इंग्रज सरकारने १८६७ मध्ये जिल्हा पोलीस आणि गावपोलीस यांचे दोन कायदे केले, १८७८ मध्ये शस्त्रांचा कायदा केला. कागद नेटका झाला. पण बेकार झालेल्या राखणदाराने काय खावे, याचे कलम त्यात नव्हते. दुष्काळ आला आणि कालचा राखणदार घाट उतरून पळस्प्यात आला.

वासुदेव बळवंतांविषयी आमच्या मनात आदरच आहे. २० जुलै १८७९ रोजी ते देवरनावडगीस पकडले गेले, सार्वजनिक काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, जन्मठेप झाली आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांनी देह ठेवला. त्या त्यागापुढे मस्तक लवते. परंतु त्या रात्री पळस्प्यात दार लावून थरथरत बसलेल्या बाईला, अंगणात शिरलेला माणूस देशासाठी आला की पोटासाठी, हे कसे कळावे? तिची भीती खरी होती. वीराचा गौरव करताना तिला विसरणे हा इतिहासाचा अप्रामाणिकपणा होईल. आणि तिची भीती सांगताना रामोशाची भूक लपविणे, हाही तितकाच.

आज काळ पालटला आहे. १९९४ पासून नवी मुंबईला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली. फाट्यावर रात्रभर दिवे जळतात. चौकी हवी, गस्त हवी, दिवे तर हवेतच; याविषयी दुमत नाही. पण इमारतीच्या फाटकाशी रात्रभर बसणारा पहारेकरी पाहा. बहुधा तो दूरच्या मुलुखातून आलेला, कंत्राटदाराच्या पगारावर जगणारा असतो. त्याचे नाव किती बिऱ्हाडांना ठाऊक असते? त्याचे मूल आजारी पडले तर किती दारे उघडतात?

वस्ती सुरक्षित आहे का, असे विचारणाऱ्या गृहस्थाला आमचे उत्तर एवढेच, की नोंदवहीतील आकडे जरूर पाहा. पण आपली राखण जो करतो त्याचे पोट भरते की नाही, हे त्याआधी पाहा. पळस्प्याने ही गोष्ट एका रात्रीत, फार मोठी किंमत देऊन शिकली.