ओघळलेली कातडी आणि वर्ध्याचे कुष्ठकार्य

कुष्ठरोगाच्या लेप्रोमॅटस प्रकारात जंतू कातडीत इतके वाढतात की कपाळ, गाल, भुवया आणि कानाच्या पाळ्या फुगून जाड होतात. औषधाने जंतू मेले की ही जाडी ओसरते, पण कातडी मूळ मापावर परतत नाही. तिच्यातले लवचिक तंतू एव्हाना नासलेले असतात. पन्नास किलो वजन उतरवलेल्या माणसाच्या पोटावर जी घडी लोंबते, तिचे गणितही असेच असते: कातडी ताणलेलीच राहते, आतला भराव तेवढा जातो. कुष्ठरोगात मात्र हे चेहऱ्यावर घडते, आणि चेहरा कुठे झाकायचा? भुवया झडतात, पाळ्या लोंबतात, गालांवर खोल सुरकुत्या पडतात. तिशीतला माणूस म्हातारा दिसू लागतो.

रोग चढत असताना नेमके उलटे घडते. कातडी भरून आल्याने सुरकुत्या बुजतात आणि चेहरा तुकतुकीत दिसतो. मेक्सिकोतल्या लुसिओ आणि अल्वाराडो या डॉक्टरांनी 1852 मध्ये ज्या कातडीभर पसरणाऱ्या कुष्ठाचे वर्णन केले, त्याला पुढे ‘सुंदर कुष्ठ’ असेच नाव पडले. म्हणजे रोगी असताना नितळ आणि बरा झाल्यावर ओघळलेला, असा हा विपरीत न्याय.

वर्ध्यात महारोग्यांच्या सेवेची मुळे दत्तपूरला आहेत. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी 1936 साली तिथे कुष्ठधाम सुरू केले. तेव्हा औषध म्हणजे चालमोगऱ्याचे तेल. ते टोचून घेणे वेदनेचे होते आणि गुण बेभरवशाचा, त्यामुळे जाडी ओसरल्यावर काय उरते हा प्रश्न फारसा पुढे येतच नव्हता. जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, काम देणे आणि माणसाला माणसांत ठेवणे हीच खरी सेवा होती. 1939 मध्ये कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री वर्ध्याजवळ गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात आले. आश्रमातल्या इतरांचा विचार करून गांधीजी आधी कचरले, पण मग शास्त्रीबुवांसाठी जवळच कुटी बांधवून घेतली आणि त्यांच्या अंगाला स्वतः मालिश करू लागले. ज्या कातडीला जवळचे नातेवाईकही शिवत नसत, तिला रोज हात लावणे ही त्या काळी औषधाहून मोठी गोष्ट होती. परचुरे कुटी सेवाग्रामात अजून उभी आहे. गांधीजींच्या विधायक कार्यक्रमाच्या अठरा कलमांतही कुष्ठरोग्यांच्या सेवेला जागा मिळाली.

चित्र पालटले ते सल्फोन औषधांनी. 1941 मध्ये अमेरिकेतल्या कारव्हिल इथे गाय फॅजेट यांनी प्रोमिन वापरून पाहिले. पुढे त्याच कुळातली डॅप्सोनची स्वस्त गोळी आली. आता रोगी खरोखर बरे होऊ लागले, आणि बरे झालेले चेहरे प्रथमच मोठ्या संख्येने दिसू लागले. तपासणीत जंतू नाहीत, हातात डॉक्टरांचा दाखला आहे, तरी गावकरी चेहरा पाहूनच निकाल देत.

शस्त्रक्रियेचे उत्तर वर्ध्याबाहेरून आले. इंग्लंडमध्ये प्लास्टिक सर्जन हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंतिया 1950च्या दशकात परतले आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात, नंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चेहरे दुरुस्त करू लागले. श्रीमंत देशांत वय लपवण्यासाठी होणारी शस्त्रक्रिया त्यांनी गरिबाला समाजात परत नेण्यासाठी वापरली. कानापुढे छेद घ्यायचा, सैल कातडी वर आणि मागे ओढायची, उरलेली कापून शिवायची. लोंबत्या पाळीची पाचर कापून काढायची. टाळूवरच्या केसाळ कातडीची पट्टी लावून भुवई उभी करायची. खचलेल्या नाकाला आतून कलमाचे अस्तर द्यायचे, ही गिलीज यांची युक्ती. मात्र रोग शमल्याखेरीज यातले काही करता येत नाही. शिवाय लवचिकपणा गेलेली कातडी ओढून बसवली तरी पुन्हा थोडी सैलावते.

वर्ध्याचे उत्तर वेगळे होते, आणि ते अधिक मोलाचे ठरले. 1951 मध्ये स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनचे मुख्यालय वर्ध्यात आले. डॉ. आर. व्ही. वारदेकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी तीन पायांची पद्धत बसवली. रोग्याने दवाखान्याची पायरी चढण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव, घरोघर गेले. अंगावरचे चट्टे पाहिले, टोचून बधिरपणा तपासला आणि गोळ्या गावातच दिल्या. वसाहतीत कोंडण्याची गरज संपली. कातडी जाड होण्याआधीच रोग सापडला, तर पुढे ती सैल पडायचा प्रश्नच उरत नाही. सुरीला न जमणारे काम इथे पायपिटीने केले.

डॅप्सोनला न जुमानणारे जंतू वाढल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन अशा एकत्र उपचाराची शिफारस केली. भारतात हा उपचार ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी राबवला गेला, त्यांत बंगालमधल्या पुरुलियाबरोबर वर्धा होता. क्लोफाझिमिनने कातडी काही काळ काळवंडते, आणि रोगी त्याला घाबरून गोळी सोडू नये म्हणून समजावणे हे कार्यकर्त्यांचे नवे काम झाले. आता जंतू थोडे असलेल्याला 6 महिने आणि जास्त असलेल्याला 12 महिने औषध पुरते. चेहऱ्याची ओघळलेली कातडी मुख्यतः उशिरा सापडलेल्या रुग्णांत दिसते.