शंभर किलोतून दहा मिलिग्रॅम

टेस्टोस्टेरॉनचा इतिहास बहुतेकदा पौरुषाच्या शोधाची कथा म्हणून सांगितला जातो. मला तो मुख्यतः कच्च्या मालाचा इतिहास वाटतो. हे औषध कुणाला द्यायचं, हे वैद्यकाने जितकं ठरवलं, तितकंच ते किती स्वस्तात बनतं यानेही ठरवलं. १८८९ मध्ये पॅरिसला ७२ वर्षांचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा पाण्यातला अर्क स्वतःला टोचून घेतला आणि गेलेला जोम परत आल्याचं जाहीर केलं. टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, त्यामुळे त्या अर्कात ते नगण्यच असणार. तरी असले अर्क धडाक्याने खपले. मागणी आधीच तयार होती, खरं द्रव्य फार उशिरा आलं.

१९३५ मध्ये ॲमस्टरडॅमला अर्न्स्ट लाकर यांच्या गटाने बैलांच्या सुमारे १०० किलो वृषणांतून १० मिलिग्रॅम शुद्ध टेस्टोस्टेरॉन मिळवलं. निरोगी पुरुषाचं शरीर दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम बनवतं. म्हणजे एवढ्या खटाटोपातून एका माणसाची जेमतेम दोन दिवसांची गरज भागली असती! कत्तलखान्याच्या भरवशावर हे औषध रुग्णापर्यंत पोचणं अशक्यच होतं. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का या रसायनशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे कोलेस्टेरॉलपासून ते घडवलं. पुढे मेक्सिकोतल्या रानकंदांनी स्टेरॉइड संप्रेरकं स्वस्त केली. आज सोयाबीन तेलाच्या शुद्धीकरणात निघणारी स्टेरॉल जिवाणूंकडून मोडून घेऊन पुढचं रसायन केलं जातं.

ज्यांची वृषणं किंवा पिट्युटरी ग्रंथी आजाराने निकामी झाली, त्यांच्यासाठी ही स्वस्ताई वरदान ठरली. पण औषध मुबलक झालं तशी वयापरत्वे येणारी मरगळही आजार म्हणून खपवली जाऊ लागली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांना त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. यावर कुणी म्हणेल, २०२३ च्या टेस्टोस्टेरॉनच्या ‘ट्रॅव्हर्स’ चाचणीत ५,२०० हून अधिक पुरुषांमध्ये हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात वाढलेला दिसला नाही, मग आडकाठी कशाला? पुरावा भक्कम आहे, तो मानलाच पाहिजे. मात्र त्या पुरुषांना लक्षणं होती आणि दोन तपासण्यांत पातळीही कमी भरली होती. शिवाय औषध घेणाऱ्यांत हृदयाची अनियमित लय आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणं हे प्रकार जास्त आढळले. व्यायामशाळेतल्या धडधाकट तरुणाला हा निष्कर्ष लागू होत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की पिट्युटरी वृषणांना संदेश पाठवणं कमी करते आणि शुक्रजंतू घटतात, कधी पूर्ण थांबतात. तेव्हा लक्षणं असतील तर वेगवेगळ्या दोन दिवशी सकाळी रक्त तपासून घ्या, आणि मूल हवं असेल तर हे औषध घेण्याआधीच डॉक्टरांना सांगा.