‘पुढे काय?’ : एका प्रश्नाचा इतिहास

गेल्या जूनमधली गोष्ट. लिफ्टमध्ये बी विंगमधली एक मुलगी भेटली. बारावीचा निकाल नुकताच लागला होता, म्हणून मी अभिनंदन केलं. ती म्हणाली, “आजोबा, मेजर कुठला घेऊ हेच कळत नाहीये.” मेजर म्हटलं की आमच्या पिढीला मिलिटरीतला आठवतो. मग तिनंच समजावून सांगितलं : नव्या शैक्षणिक धोरणात पदवीचा मुख्य विषय म्हणजे मेजर, जोडीचा म्हणजे मायनर. “तुम्ही काय घेतलं होतं?” असं तिनं विचारलं आणि तेवढ्यात तिसरा मजला आला. उत्तर राहून गेलं.

पुढे स्मरणिकेच्या संपादक मंडळानं फर्मावलं की, तुम्ही इतिहासाचे बी.ए., तेव्हा इतिहासावर काहीतरी द्या. सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा आढावा सेक्रेटरीसाहेब घेणारच आहेत. म्हणून म्हटलं, त्या मुलीचं राहिलेलं उत्तर इथेच द्यावं. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

सुरुवात १८५७ पासून करावी लागेल. त्या वर्षी १८ जुलैला मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली आणि १८६२ मध्ये पहिले बी.ए. बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्या काळी विषयांची फारशी निवड नव्हती. इंग्रजी, एक अभिजात भाषा, गणित, इतिहास, तत्त्वज्ञान असं बरंचसं सगळ्यांना सारखंच. तेव्हा ‘मेजर कुठला’ हा प्रश्न नव्हता. पण ‘पुढे काय’ हा प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून होता.

रानड्यांचंच बघा. न्यायमूर्ती म्हणून आपण त्यांना ओळखतो, त्यामुळे वाटतं की हा माणूस सरळ न्यायासनावरच जाऊन बसला. तसं नाही. एम.ए., एल्‌एल.बी. झाल्यावर ते सरकारी भाषांतरकार होते. मग अक्कलकोट संस्थानात कारभारी, मग कोल्हापुरात न्यायाधीश, मग पुन्हा मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक. १८७१ मध्ये पुण्यात सबजज्ज म्हणून नेमणूक झाली, तेव्हा बी.ए.ला नऊ वर्षं उलटून गेली होती. भांडारकरांनीही पदवीनंतर हैदराबाद (सिंध) आणि रत्नागिरी इथे शाळांचे हेडमास्तर म्हणून काम केलं. पुढे संस्कृतचे जगन्मान्य पंडित झाले, आणि १९१७ साली त्यांच्या नावानं पुण्यात संशोधन संस्था उभी राहिली. आजच्या भाषेत बोलायचं तर पहिल्या बॅचचे टॉपर, पण पहिली काही वर्षं ‘सेटल’ नव्हते.

धोंडो केशव कर्व्यांची हकिगत याहून बोलकी आहे. मुरूडहून सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाटानं पायी चालत ते साताऱ्याला परीक्षेला गेले. तिथे साहेबानं त्यांच्याकडे पाहिलं आणि वय कमी दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. तसेच परत. पुढे १८८४ मध्ये ते गणित घेऊन बी.ए. झाले आणि १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. ज्या कामासाठी त्यांना महर्षी म्हणतात ते, म्हणजे विधवांचा आश्रम आणि महिला विद्यापीठ, कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं. पण गणितानं त्यांचं घर चाललं, आणि त्या आधारावर बाकीचं उभं राहिलं. त्या मुलीला मला हेच सांगायचं होतं की, विषय आणि आयुष्याचं काम एकच असतं असं नाही. काही वेळा विषय हा कामाला टेकू असतो.

चिंतामणराव देशमुखांनी केंब्रिजला निसर्गविज्ञान घेतलं होतं, त्यात वनस्पतिशास्त्राचं बक्षीसही मिळवलं. १९१८ साली ते आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले आले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि नंतर देशाचे अर्थमंत्री. इरावतीबाई कर्वे फर्ग्युसनला तत्त्वज्ञान शिकल्या, एम.ए.ला समाजशास्त्राकडे वळल्या, बर्लिनला जाऊन मानववंशशास्त्रात पीएच.डी. केली, आणि साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं ते ‘युगान्त’ला, म्हणजे महाभारतावरच्या लेखनाला. आता इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी : ही सगळी यशस्वी माणसांची उदाहरणं आहेत. ज्यांना वाट सापडली नाही त्यांची चरित्रं कुणी लिहीत नाही. म्हणून अशा उदाहरणांनी धीर घ्यावा, पण हमी समजू नये.

शिवाय नुसती हुशारी आणि पदवी पुरते असंही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ मध्ये एल्फिन्स्टनमधून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले. कोलंबिया विद्यापीठात एम.ए. केलं, लंडनला गेले, आणि १९१७ साली शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे बडोदा संस्थानाच्या नोकरीवर रुजू झाले. तेव्हा त्यांच्याइतकं शिकलेली माणसं देशात किती असतील? पण बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत उतरले, तिथूनही जमाव येऊन बाहेर काढलं गेलं. नोकरी सोडून मुंबईला यावं लागलं. मुंबईत गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला, तोही जात कळल्यावर बसला. अखेर १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. गृहनिर्माण संस्थेच्या स्मरणिकेत ही आठवण मुद्दाम लिहितोय. माणसाला दिशा सापडायला डोक्यावर छप्पर लागतं, आणि शेजारी कसे आहेत यावरही बरंच ठरतं.

आता आमच्या पिढीकडे येतो. मी १९७१ साली अकरावीची एसएससी झालो. (दहावी नंतर आली. १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली तुकडी बाहेर पडली.) आम्हाला विषय कोण विचारतो! साठ टक्क्यांच्या वर गेलात तर सायन्स, पन्नासच्या आसपास कॉमर्स, उरलेले आर्ट्स. मी सायन्सला गेलो, कारण वडिलांना इंजिनियर हवा होता. इंटर सायन्स हे तेव्हाचं दिव्य होतं. राज्यात इंजिनियरिंग कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी : पुण्याचं १८५४ सालचं, माटुंग्याचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, अशी. मी फिजिक्समध्ये गचकलो. वडील आठ दिवस बोलले नाहीत. मग मीच हिय्या करून आर्ट्सला गेलो आणि १९७६ मध्ये इतिहास घेऊन बी.ए. झालो.

माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी बहीण एसएससी होताच डी.एड.ला गेली. तिला काय व्हायचंय हे घरात कुणीही विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. माझी कॉलेजची फी काही वर्षं तिच्या मास्तरकीच्या पगारातून गेली. ताईचं गणित माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. निवडीच्या इतिहासात हे पानही हवं.

बी.ए. झाल्यावर दोन वर्षं मी घरी होतो. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये कार्ड काढलं, टायपिंगच्या परीक्षा दिल्या, शिकवण्या केल्या. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, शाखा भराभर वाढत होत्या आणि कारकून लागत होते. १९७८ मध्ये मला बँकेत नोकरी लागली. त्यात माझं कर्तृत्व किती आणि १९६९ चं किती, हे मी आज सांगू शकत नाही. पण पुढची पंचवीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की, मेहनत केली की नोकरी लागतेच.

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. आजवर ज्या दारातून मोजके आत जात होते ते दार रुंद झालं. आधी मुलं कर्नाटकात डोनेशन भरून जायची, ती इथेच राहू लागली. फायदा खूप झाला, हे नाकारता येणार नाही. पुढे संगणकाचं युग आलं, वायटूकेच्या वेळी तर कोडिंग येणाऱ्याला सोन्याचे दिवस आले. नेमकी त्याच सुमारास, १९९९ मध्ये, आपली सोसायटी नोंदली गेली. ४८ फ्लॅट, त्यांत बँकवाले, रेल्वेवाले, शिक्षक, आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच : पोरगं इंजिनियर. आम्हाला जे दार बंद होतं ते उघडलंय म्हटल्यावर आत जायचं की नाही हे विचारायचं असतं, हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

आता जे लिहितोय ते माझ्या धाकट्याला दाखवून लिहितोय. त्यानं दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि “छापा” म्हणाला.

आपल्या गणपतीत गुणवंतांचा सत्कार पहिल्या वर्षापासून होतो आणि बरीच वर्षं त्याचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. २००४ मध्ये बारावीच्या मार्कांसाठी धाकट्याचा सत्कार झाला. त्याचं नाव मीच पुकारलं. त्याला इंजिनियरिंगला मीच घातलं. तो म्हणत होता, जरा थांबू या. मी म्हणालो, थांबून काय मिळणार? २००७ पर्यंत त्याचे सात विषय राहिले होते आणि त्यानं कॉलेज सोडलं. त्या वर्षी गणपतीत मी माईकवर दुसऱ्यांच्या मुलांची नावं पुकारत होतो आणि तो वर घरात दिवा मालवून बसला होता. खाली कुणी विचारलं तर मी ‘प्रोजेक्ट चालू आहे’ असं सांगायचो. जवळजवळ वर्षभर सांगत होतो. हिनं एकदा मला विचारलं, “तुम्ही फिजिक्समध्ये नापास झालात तेव्हा तुमचे वडील आठ दिवस बोलले नाहीत. तुमचे किती दिवस झाले?” मी मोजले. चार महिने झाले होते.

आपल्यापैकी जुन्या लोकांना आठवत असेल, गणपतीत माईक, स्पीकर, वायरी हे सगळं तोच बघायचा. आवाज शिट्टी मारायला लागला की हाक त्यालाच. तो त्याच कामाला लागला. आधी मंडपवाल्याकडे, मग नाटकांच्या ध्वनिव्यवस्थेवर मदतनीस. दरम्यान मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. आज तो नाटकांचं ध्वनीचं काम स्वतंत्रपणे घेतो. सगळं गोड झालं असं मात्र नाही. २०२० च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली आणि त्याची मिळकत शून्यावर आली. त्या काळात घर माझ्या बचतीवर चाललं, आणि इंजिनियर झाला असता तर, हा विचार माझ्या मनात रोज यायचा. आताही महिन्याचा हिशेब कधी जमतो, कधी नाही. फरक एवढाच की तो हिशेब आता आम्ही दोघं मिळून करतो.

तर लिफ्टमधल्या त्या मुलीला माझं उत्तर. बाळ, मेजर घेताना तीन गोष्टी बघ. परीक्षा नसतानाही ज्या विषयाचं पुस्तक तू उघडतेस तो कुठला? त्या विषयानं पहिली पाच वर्षं पोटाला काय मिळेल? यासाठी त्याच विषयात दोन-चार वर्षांपूर्वी पास झालेल्यांना विचार, आमच्यासारख्या पन्नास वर्षांपूर्वीच्या लोकांना नको. आणि तिसरं, चुकलं तर परत फिरायला वाट आहे का? नव्या धोरणात मायनर आहे, एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची सोय आहे. आमच्या वेळी हे नव्हतं. त्याचा उपयोग कर. आणि पदवीनंतर वर्ष-दोन वर्षं काही ठरलं नाही तर घाबरू नकोस. रानड्यांना नऊ वर्षं लागली होती.

आणि सभासद बंधुभगिनींनो, वार्षिक सर्वसाधारण सभेत मी एक सूचना मांडणार आहे. ती इथे आधीच सांगून ठेवतो. सत्कार जरूर चालू ठेवा, पण टक्क्यांच्या क्रमानं नावं पुकारणं बंद करू या. त्या वर्षी दहावी, बारावी, पदवी यांपैकी कशालाही बसलेल्या प्रत्येकाला, पास-नापास न बघता, स्टेजवर बोलवू या. आणि वर्षातून एका रविवारी आपल्याच सोसायटीतली वेगवेगळ्या कामांतली माणसं क्लबहाऊसमध्ये बसतील आणि मुलांशी बोलतील. आपल्याकडे नर्स आहेत, सीए आहेत, मोटरमन आहेत, केटरिंग करणाऱ्या दोघी बहिणी आहेत. आपलं काम कसं मिळालं, पहिला पगार किती होता, मध्ये कुठे अडलं, हे त्यांनी खरं खरं सांगायचं.

त्या रविवारची सुरुवात मी करीन, फिजिक्सपासून. माईक धाकटा लावणार आहे.