नसलेल्या पायाची कळ

दीर्घकालीन वेदनेच्या विज्ञानाचा बराचसा इतिहास जखमी सैनिकांच्या खाटांशेजारी घडला आहे. त्यातील खरा प्रश्न मज्जातंतूंचा होताच. पण त्याआधीचा प्रश्न विश्वासाचा होता. जखम भरून आली, तरी कळ थांबत नाही असे सांगणाऱ्या सैनिकाचे म्हणणे खरे मानायचे की सोंग?

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात फिलाडेल्फियातील टर्नर्स लेन रुग्णालयात मज्जातंतूंना इजा झालेले सैनिक एकत्र ठेवले जात. तेथील डॉक्टर सायलस वीअर मिचेल व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १८६४ मध्ये आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. गोळी लागून गेलेल्या हातापायांत निखारे ठेवल्यासारखी आग होई. रुग्ण हात सतत ओल्या फडक्यात गुंडाळत, बुटांत पाणी ओतून चालत. वर्तमानपत्राची सळसळ, वाऱ्याची झुळूक, दालनातून कुणी चालत गेल्याचा हादरा, एवढ्यानेही वेदना उसळे. स्वभाव चिडका होई, झोप उडे. हे वर्णन रुग्णालयातले आहे. असा माणूस घरी परतल्यावर ती पावले बायकोची आणि मुलांची असणार, हे सांगायला वेगळा पुरावा नको. सैनिकाच्या वेदनेचा विचार कुटुंबाला वगळून करता येत नाही, तो यामुळेच.

मिचेल यांना याहून विलक्षण गोष्ट आढळली. अवयव कापून टाकलेल्या ९० जणांपैकी ८६ जणांना तो अवयव अजून जागेवरच असल्याचे जाणवत होते. पण याविषयी त्यांनी प्रथम लिहिली ती कथा, शोधनिबंध नव्हे; आणि तीही निनावी. १८६६ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त आलेल्या या कथेचा नायक, चारही अवयव गमावलेला जॉर्ज डेडलो, वाचकांना इतका खरा वाटला की त्याच्या मदतीसाठी पैसे गोळा झाले. ‘आभासी अवयव’ ही संज्ञा त्यांनी स्वतःच्या नावाने वापरली ती १८७१ मध्ये.

पुढचा धागा दुसऱ्या महायुद्धात सापडतो. १९४४ मध्ये इटलीतील ॲन्झियोच्या आघाडीवर हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाने गंभीर जखमींना वेदनाशामक हवे का, असे विचारले. सुमारे तीनचतुर्थांश सैनिकांनी नको म्हटले! तेव्हा जखमेचा आकार आणि वेदनेची तीव्रता यांचे साधे गुणोत्तर नाही. आम्हा भौतिकशास्त्रवाल्यांना अशा राशीचा धाक वाटतो. कारण तिला मोजपट्टी नाही, रुग्णाचा शब्द हेच तिचे मापन. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी ‘द्वार सिद्धान्त’ मांडला: मेरुरज्जूतील जाळे वेदनेचे संदेश अडवते किंवा पुढे सोडते, आणि मेंदूही त्या द्वारावर नियंत्रण ठेवतो. सिद्धान्ताचे तपशील नंतर बदलले, पण मूळ कल्पना टिकली.

त्याच १९४४ साली पुण्यात जखमी सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. नवा पाय माणसाला चालते करतो; मात्र नसलेल्या पायाची कळ त्याने थांबेलच असे नाही. या कळीवर एक अनपेक्षित उपाय सुचवला तो चेन्नईच्या स्टॅनली वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या विलयनूर रामचंद्रन यांनी. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात त्यांनी एक उभा आरसा असा ठेवला, की धडधाकट हाताचे प्रतिबिंब गमावलेल्या हाताच्या जागी दिसावे. वर्षानुवर्षे आवळलेली आभासी मूठ काही रुग्णांना उघडल्यासारखी वाटली.

याची चाचणी पुन्हा सैनिकांवरच झाली. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातील प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाय गमावलेल्या १८ जणांनी चार आठवडे तीन गटांत सराव केला. आरशासमोर बसलेल्या सहाही जणांची वेदना घटली. झाकलेल्या आरशासमोर बसलेल्यांपैकी एकाचीच घटली, तिघांची वाढली. संख्या फार लहान आहे, आणि पुढील अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. त्या सहांपैकी दोघांना, आरशात आपला पाय पुन्हा पाहताच, शोक अनावर झाला होता. शोधनिबंधात त्याचीही नोंद आहे.